आधी कोणाचं कार्ड?

माझ्या सासूबाईंना माझ्या नोकरीतली एक गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. ‘दिवसभर बसून उत्तर काढतेस, ते ठीक. पण मग तेच उत्तर परत का काढतेस? शिजलेला भात पुन्हा चुलीवर ठेवतं का कोणी?’ असं त्या विचारायच्या. सासरे पोस्टात होते, त्यामुळे बेरीज दोनदा तपासतात हे त्यांना माहीत होतं. पण मी तपासत नव्हते. मी सगळं पहिल्यापासून नव्याने करवून घ्यायचे, आणि तेही शक्यतो ज्याला त्या कामातलं काही माहीत नाही अशा माणसाकडून. त्यांच्या लेखी हा शुद्ध वेडेपणा होता, आणि सरकार त्याचा पगार देतं याचं त्यांना नवल वाटायचं.

तो वेडेपणा काय होता ते सांगते. एकोणीसशे सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी मूळची मेढ्याची, वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकले आणि सांगलीला एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणकविभागात लागले. विभाग म्हणजे एक खोली, एक पंचिंग मशीन, देवधर सर आणि मी. कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हताच. तो पुण्याला, एका मोठ्या संस्थेत, थंड हवेच्या खोलीत राहायचा. आम्ही इथे पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रं पाडायचो, कार्डांचा गठ्ठा खोक्यात भरून पुण्याला पाठवायचो, आणि आठवड्याभरात कागदाची जाड घडी परत यायची. त्या घडीत उत्तर असायचं. पुष्कळदा फक्त ‘तुमच्या अमुक कार्डात चूक आहे’ एवढंच असायचं.

आमचं मुख्य काम सिम्युलेशनचं. मी ते ‘खोटे उन्हाळे’ म्हणून समजावून सांगायचे. समजा, नदीवर पंप बसवायचे आहेत आणि उन्हाळ्यात पाणी पुरेल का हे बघायचंय. खरे उन्हाळे बघत बसलं तर उत्तर मिळेपर्यंत विचारणारा म्हातारा होईल. म्हणून कॉम्प्युटरला सांगायचं, तू मनानेच एक उन्हाळा काढ. आज वीज गेली, उद्या पंप बिघडला, परवा सगळं सुरळीत. असा एक उन्हाळा झाला की दुसरा, मग तिसरा. शेकडो खोटे उन्हाळे काढून बघायचं, त्यातल्या किती उन्हाळ्यांत पाणी पुरलं. वीज कधी जाणार हे ठरवायला कॉम्प्युटर फासे टाकल्यासारखे आकडे काढतो. गंमत अशी की ते फासे खरे नसतात. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, आम्ही त्याला ‘बी’ म्हणायचो. बी तेच दिलं तर पुढचे सगळे फासे जसेच्या तसे पडतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन दिवस हरखून गेले होते. नशीब, पण परत तेच काढता येणारं.

देवधर सरांचा सगळा जीव या ‘परत’मध्ये. साताऱ्याहून एक प्राध्यापक यायचे. एसटी स्टँडवरच्या गर्दीचं गणित करत होते. मोठे उत्साही गृहस्थ, पण त्यांचं उत्तर फक्त त्यांनाच मिळायचं. दुसऱ्या कोणी तोच हिशेब नव्याने पंच करून पाठवला की निराळं यायचं. शेवटी शोधलं तेव्हा कळलं, ते बी म्हणून त्या त्या दिवशीची तारीख पंच करायचे. सर म्हणाले, ‘म्हणजे कालचं उत्तर बघायचं तर कालचा दिवस परत आणायचा?’ प्राध्यापक जरा दुखावले. म्हणाले, ‘शेवटी हातगुण असतो हो ज्याचा त्याचा.’

हातगुण हा शब्द ऐकून सरांचा पारा एकदम चढला. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘डॉक्टरला हातगुण असू दे, भाजीला हाताची चव असू दे. या खोलीत हातगुण चालणार नाही.’ तेव्हापासून आमच्याकडे परक्या हाताचा नियम आला. कुठलंही उत्तर, ते काढणाऱ्याने कितीही शपथेवर सांगितलं तरी, कच्चंच. परका माणूस आमची लेखी सूचना वाचून, आम्ही जवळ नसताना तेच काम करील आणि आकडा न आकडा तोच येईल, तेव्हा ते पक्कं. शिवाय प्रोग्रामच्या गठ्ठ्याच्या माथ्यावर शाईची तिरपी रेघ ओढायची, म्हणजे एक कार्ड जरी इकडचं तिकडे झालं तरी रेघ मोडलेली दिसते. प्रोग्राम बदलला की रेघेचा रंग बदलायचा, आणि जुना गठ्ठा टाकायचा नाही. आज शिकल्यासवरल्या पोरांना या गोष्टी पुस्तकात शिकवतात. आम्ही त्या शिकलो चुकांमधून, आणि सगळ्यात मोठी शिकलो ती पाण्याच्या कामात.

कऱ्हाड आणि सांगलीच्या मधलं, नदीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत आणि मला त्या गावात अजून जायचं असतं. तिथे शेतकऱ्यांनी सहकारी सोसायटी काढून नदीतून पाणी उपसून शेतांना द्यायचं ठरवलं होतं. पंप, मोठी पाइपलाइन, आणि प्रत्येकाच्या बांधाला एक व्हॉल्व्ह. पाइप गावाच्या रानातून जाऊन ओढ्यापाशी थांबायचा, की ओढा ओलांडून पलीकडे जायचा, एवढाच प्रश्न होता. पलीकडे बौद्ध वस्तीची जमीन होती. कोरडवाहू, खडकाळ, पण त्यांची. छप्पन्न साली धर्मांतर केलेल्या त्या घरांतले निम्मे लोक मुंबईला गेलेले होते आणि उरलेले जायच्या तयारीत. कर्ज देणाऱ्या बँकेने सांगितलं होतं, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं असा हिशेब दाखवा, तर पलीकडच्या पाइपचे पैसे देऊ. नाही पोचत, तर ओढ्यालाच थांबा. एकदा थांबलेला पाइप पुन्हा कोणी वाढवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

पलीकडच्यांच्या वतीने बोलायला हवालदार कांबळे यायचे. फौजेतून नुकते परतलेले, ताठ बसायचे, कमी बोलायचे. माझे वडील सुभेदार होते हे कळल्यावर ते मला ‘सुभेदारांच्या बाई’ म्हणू लागले. सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब. पांढरंशुभ्र धोतर, मोठा ऊस, मोठं कुटुंब आणि कोणालाही तोंडावर ‘नाही’ न म्हणण्याची कला. सोसायटीचे कारकून होते तात्या. ते राहायला कऱ्हाडजवळच्या मलकापूरला. दर आठवड्याला एसटीने सांगलीला येत आणि माझ्यासाठी हमखास शेंगा आणत.

प्रत्येक शेतकऱ्याचं एक कार्ड केलं. त्यावर नाव, रान किती, पीक कोणतं, पाणी किती दिवसांनी लागतं. प्रोग्राम साधा होता. खोट्या उन्हाळ्यातला एक दिवस घ्यायचा, वीज किती वेळ राहिली आणि पंप चालले का हे फासे टाकून ठरवायचं, जेवढं पाणी उपसलं ते पहिल्या कार्डापासून वाटत जायचं. ज्याची पाळी आली असेल त्याचं रान भिजवायचं. पाणी संपलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या कार्डापासून बघायचं. मला यात काही वावगं दिसलं नाही. सरांनाही दिसलं नाही.

पहिलं उत्तर आलं, पाणी पोचतं. बहुतेक सगळ्या खोट्या उन्हाळ्यांत ओढ्यापलीकडची रानं भिजत होती. हवालदार स्वतः कॉलेजात आले, गुळाची ढेप टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘बाई, पोराला मुंबईस्नं बोलावून घेतो. त्येला म्हनलंय, आता हितंच ऱ्हा.’

मग तात्या म्हणाले, दोन-चार नावांत आणि रानांच्या आकड्यांत दुरुस्ती आहे, कार्डं सोसायटीत नेतो, पडताळून परत आणतो. नेली, आणली, मी चुकलेली कार्डं नव्याने पंच केली आणि गठ्ठा पुण्याला पाठवला. नियमाप्रमाणे यावेळी तिथल्या लिमयेबाईंनी आमची लेखी सूचना वाचून तो चालवला. उत्तर आलं, पाणी पोचत नाही. बहुतेक उन्हाळ्यांत ओढ्यापलीकडे ठणठणाट.

आप्पासाहेब हसले. ‘बाई, तुमचा कॉम्प्युटर तर आमच्यापेक्षा पुढारी निघाला. सभेगणिक बोलनं बदलतोय.’ त्यांचं हसणं मला लागलं. पण जास्त लागलं ते हवालदारांचं. ते परत आले, यावेळी खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच विचारलं, ‘गेल्या म्हयन्यात आल्यालं पानी ह्या म्हयन्यात कुटं गेलं, बाई?’

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेखाली विलक्षण कुतूहलही होतं. कारण सगळं तेच होतं. बी तेच. प्रोग्राम तोच, त्याच्या माथ्यावरची निळी रेघ अखंड होती. रानांच्या दुरुस्त्या इतक्या किरकोळ की त्यांनी चमचाभर फरक पडला नसता. पुण्याचं मशीन बिघडलं असेल म्हणून लिमयेबाईंना एक जुनं काम पुन्हा चालवायला सांगितलं, ते आकड्याला आकडा बरोबर आलं. सर म्हणाले, ‘पहिलं उत्तर परत काढून दाखवा, मग दुसऱ्याशी भांडू.’ आणि तिथेच गोची झाली. पहिलं उत्तर परत निघेना. ज्या गठ्ठ्यातून ते निघालं होतं तो गठ्ठाच आता नव्हता, दुरुस्त झालेला होता. जुना टाकायचा नाही हा नियम आम्ही प्रोग्रामला लावला होता, माणसांच्या कार्डांना नाही.

शेवटी काहीच सुचेना म्हणून मी एक बावळट काम केलं. कॉम्प्युटरला हिशेब करूच नकोस म्हटलं, कार्डं जशी येतील तशी फक्त नावं छापून दे. आजवर आम्ही कागद वाचवायला गावाच्या बाजूचं, मधलं आणि ओढ्यापलीकडचं अशा तीनच बेरजा छापत होतो, आणि त्यातलीही बँकेने विचारलेली पलीकडचीच तेवढी बघत होतो. यादी आली आणि पहिलं नाव आप्पासाहेबांचं. मी थबकले. कार्डं पंच करायला बसले तेव्हा माझी बोटं पहिल्यांदा कांबळे या नावावर पडली होती, आणि मग ओळीने कितीतरी कांबळे, ते मला पक्कं आठवत होतं. आता ते सगळे शेवटी होते.

तात्या आले तेव्हा मी शेंगांना हात न लावता विचारलं, ‘तात्या, तुम्ही कार्डं हलवलीत?’

‘हलवली न्हाईत बाई. लावली.’

‘लावली म्हणजे?’

‘आवं, चेअरमनसायबांचं कार्ड पार तळाला पडल्यालं. पाटलांचं तर त्येच्या बी खाली. पुन्याला धाडायचं, एवड्या मोठ्या मशिनीत जायाचं, आन आपल्या मानसांचा मान नको राखाय? लग्नाची पत्रिका वाटताना बी आदी कुनाची त्ये बगतो की आपुन.’

‘मग कशी लावलीत?’

‘मानानं. आदी चेअरमन, मग पाटील, मग संचालक, मग त्यांची भावकी.’ त्यांनी एक शेंग फोडली. ‘वड्यापल्याडची शेवटाला. ती मानसं काय बोलत न्हाईत.’

मला हसावं की डोकं धरावं कळेना. तात्यांनी कसलीही लबाडी केली नव्हती. मोठ्या मशीनपुढे गावाची माणसं नीट उभी राहावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. पण आमचा प्रोग्राम रोज पहिल्या कार्डापासून पाणी वाटत होता, आणि वीज गेली की गठ्ठ्याच्या तळाशी असलेल्यांच्या वाट्याला काही उरत नव्हतं. पहिल्या वेळी कांबळे वर होते, म्हणून पलीकडे पाणी पोचलं. ते तरी वर का होते? तर तात्यांनी मूळची माहिती सर्वे नंबराच्या क्रमाने आणली होती, आणि कोणे एके काळी मोजणी करणाऱ्याने सुरुवात गावाच्या त्या टोकाकडून केली होती. एवढंच. पहिलं उत्तर मोजणीच्या साखळीने दिलं, दुसरं तात्यांच्या अदबीने. दोन्ही वेळा कॉम्प्युटरने इमानेइतबारे सांगितलं तेच केलं.

मला मोह झाला. कार्डं परत पहिल्या क्रमाने लावायची, ‘दुसऱ्या वेळी गठ्ठा विस्कटला होता’ म्हणायचं, आणि पाइप ओढ्यापलीकडे जाऊ द्यायचा. कोणाला कळलं असतं? मी सरांना तसं म्हणालेसुद्धा. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘उद्या बँकेने दुसऱ्या कोणाला हिशेब करायला दिला आणि त्याने तिसऱ्याच क्रमाने लावली तर? ती माणसं पाइपवर पैसा घालतील, पाणी येणार म्हणून पोरांना बोलावून घेतील, आणि पाणी येणार कोणाच्या तरी मर्जीने. दोन्ही उत्तरं चूक नाहीत हो. पाणी आधी कोणाला, हे कोणी ठरवलेलंच नाही. ते आपण खोलीत बसून ठरवायचं नाही, जाऊन विचारायचं.’

म्हणून आम्ही दोघं गावात गेलो. सोसायटीच्या कचेरीत संचालक मंडळ सतरंजीवर बसलं होतं. हवालदार दाराजवळ बसले होते, त्यांना बोलावलं होतं म्हणून. मी झाला प्रकार सांगितला. तात्यांचं नाव घेतलं नाही, पण ते स्वतःच ‘म्या लावली’ म्हणाले आणि सगळे हसले.

‘मग आता काय, मशिनीलाच इचारा,’ आप्पासाहेब म्हणाले.

‘मशीन म्हणतंय तुम्हाला विचारा,’ मी म्हणाले. ‘वीज जाऊन पाणी तुटलं तर दुसऱ्या दिवशी कोणापासून सुरू करायचं? ते सांगा. मी तसं लिहिते, मग उत्तर एकच येईल.’

मी इतकी वर्षं आकड्यांत घालवली, पण एका साध्या प्रश्नाने खोली इतकी गप्प झालेली पुन्हा पाहिली नाही. एक संचालक म्हणाले, ‘जसं चालत आलंय तसं चालंल की.’

‘चालत आलंय तेच लिहिते. पण मला नावाने सांगावं लागेल. पहिलं कोण?’

त्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब सुपारी कातरत होते. सगळ्यांना ठाऊक होतं पहिलं कोण. आजवर ते कोणाला म्हणावं लागलं नव्हतं, कारण ते होतच आलं होतं. दारातून हवालदार म्हणाले, ‘चेअरमनसायब, पैलं तुमचं नाव लिवा. माझी ना न्हाई. पर लिवा. आमच्या पोरांस्नी दावता यील, का पानी का येत न्हाई म्हनून.’ त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच तो ऐकवेना.

आप्पासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, ‘लिवलं की त्ये कायमचं हुतंय.’ मग माझ्याकडे वळले. ‘बाई, आपल्याकडं पंगतीत कसं करत्यात? वाढप्याचं भांडं मधीच संपलं तर त्यो भरून आनतो आन जितं थांबला तितनं म्होरं वाडतो. परत पैल्या पानाकडं जात न्हाई. गेला तर मानसं हासतील. तसं लिवता येतंय का मशिनीला?’

मी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा उजळला होता. इतका साधा नियम, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता. जिथं तुटलं तिथून पुढं. मग कार्डं कशीही लावा, मानाने लावा की मोजणीने, दोन-चार दिवसांत फिरून सगळ्यांची पाळी येणार. ‘येतं,’ मी म्हणाले.

पण हवालदार गप्प राहिले नाहीत. ‘पंगत बरी हाय आप्पासायब. पर तुमच्या पंगतीत आमी कवा हुतो? आमाला वाडायचे त्ये पंगत उठल्यावर. बाई, त्ये कसं लिवनार? दोन पंगती का एक?’

आता कोणाच्याच तोंडून ‘चालत आलंय’ निघालं नाही. मीही पंगतीत आधी बसणाऱ्यांच्याच घरातली. मेढ्याला आमच्या अंगणात पंगत उठल्यावर कोण बसायचं ते मी पाहिलेलं होतं, आणि त्या क्षणी माझी मान खाली गेली. आप्पासाहेबांनी सगळ्या संचालकांवरून एकदा नजर फिरवली. मग सतरंजीकडे बघत म्हणाले, ‘एक लिवा.’

प्रोग्राम बदलला. नव्या गठ्ठ्याला हिरवी रेघ ओढली, आणि यावेळी माणसांच्या कार्डांनाही ओढली. परका हात म्हणून आप्पासाहेबांनी आपला माणूस पाठवायचं ठरवलं, आणि पाठवलं तात्यांनाच. मी पुण्याला जायचं नाही, लेखी सूचना तात्यांनी लिमयेबाईंच्या हाती द्यायची, उत्तर त्यांनीच आणायचं. तात्यांनी खोकं नाडीने बांधलं. एसटीत कंडक्टर ते टपावर टाकायला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्याशी भांडण काढलं आणि खोकं पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले. परत आल्यावर मला पहिलं वाक्य म्हणाले, ‘बोट लावलं न्हाई बाई. रेघ बगा पायजे तर.’

लिमयेबाईंनी दोनदा चालवून पाहिलं होतं. एकदा हिरव्या रेघेच्या क्रमाने, आणि एकदा, आमच्या सूचनेप्रमाणे, मुद्दाम पिसून; नंतर रेघ बघून त्यांनी गठ्ठा पुन्हा जुळवला होता. दोन्ही वेळा निकाल एकाच ठिकाणी येत होता. पाणी ओढ्यापलीकडे पोचत होतं. मात्र वाईट उन्हाळ्यात प्रत्येकाचीच एखादी पाळी हुकत होती, आणि त्यात आप्पासाहेबांचा ऊसही आला.

यावेळी प्रत्येकाची बेरीज वेगळी छापली होती. मी ते कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी आपली बेरीज शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘पुन्ना काडलं तर?’

‘हेच येईल.’

‘दुसऱ्या कुनी काडलं तर?’

‘कोणीही काढलं तरी हेच येईल.’

त्यांनी सुस्कारा सोडला. ‘येगळं येनारं असतं तर म्हनलो असतो, बगू म्होरल्या सभेला. धा वर्सं म्होरली सभा केली असती.’ मग त्यांनी लेकाला शाई आणायला सांगितली आणि सही केली.

त्यानंतर मी पुष्कळ कामं केली. आमचे बरेच हिशेब नीट परत निघाले आणि कोणाच्याही काही उपयोगाला आले नाहीत. काही ठिकाणी मी विचारलं, ‘आधी कोण?’ आणि मला सांगण्यात आलं, ‘तुम्ही गणित बघा.’ तिथे मी गणितच बघितलं, याची आता हळहळ वाटते. शास्त्राचा हट्ट म्हणून शिकलेली गोष्ट त्या गावात माणसांच्या उपयोगी पडली, तशी पुन्हा फार वेळा पडली नाही.

पाइप ओढ्यापलीकडे गेला. पहिला खरा उन्हाळा आला आणि तो आमच्या सगळ्या खोट्या उन्हाळ्यांपेक्षा वाईट निघाला. वीज येई कमी, जाई जास्त. हवालदारांनी बोलावलं म्हणून मी मुक्कामाला गेले होते. आदल्या संध्याकाळी पाणी तुटलं ते गावच्या बाजूच्या शेवटच्या बांधावर. पुढचा व्हॉल्व्ह ओढ्यापलीकडचा. गावात जवळजवळ सगळ्यांचा ऊस वाळत होता, आप्पासाहेबांचाही.

सकाळी वीज आली, नदीवर पंप घुमायला लागले. व्हॉल्व्ह फिरवणारा, गावच्या बाजूचा गडी चावी खांद्यावर टाकून पंपाकडून निघाला. पहिला व्हॉल्व्ह आप्पासाहेबांच्या बांधाला, आणि आप्पासाहेब तिथे उभे होते. त्यांच्यामागे त्यांचे भाऊ, पुतणे. पलीकडच्या बाजूला ओढ्याच्या काठावर हवालदार, त्यांचा मुंबईहून आलेला मुलगा, वस्तीतली बायकामाणसं, आणि मी. मधल्या रानात तो गडी एकटा. तो आप्पासाहेबांच्या व्हॉल्व्हपाशी आला आणि थांबला. त्याने चावी खांद्यावरून खाली घेतली. असली सकाळ आम्ही कार्डावर कुठेही लिहिली नव्हती.

आप्पासाहेबांनी त्याला काही सांगितलं असेल तर ते आम्हाला ऐकू आलं नाही. फक्त त्यांचा हात वर झालेला दिसला, ओढ्याकडे. गड्याने चावी परत खांद्यावर टाकली, सगळे बांध ओलांडत, ओढ्यातून चालत आमच्याकडे आला आणि हवालदारांचा व्हॉल्व्ह फिरवायला बसला.

आधी नुसती हवा सुटली. मग मातकट पाणी, मग स्वच्छ. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. हवालदारांनी वाकून ओंजळ भरली. आधी मुलाला प्यायला दिली, मग दुसरी भरून त्या गड्याला दिली. तो जरा घुटमळला आणि त्यांच्या ओंजळीतून प्यायला.